खालच्या डोहाचं नाव

आमच्या कामाचा नियम साधा होता. विहीर, झरा, पऱ्या, डोह, पाण्याची जागा कुठलीही असो, तिचं नाव तीन वेगळ्या घरांतल्या तीन माणसांनी एकमेकांचं न ऐकता सारखं सांगितलं तरच ते यादीत पक्कं करायचं. त्यांतलं एक माणूस साठीच्या पुढचं हवं. नाव अलीकडच्या कुणा माणसावरून पडलं असेल तर त्याच्या घरच्यांची सही घ्यायची. पुढचे रकाने होते अक्षांश-रेखांश, एप्रिलमधली खोली आणि नाव कशावरून पडलं ते. पूर्ण यादी एक मेच्या ग्रामसभेत वाचून मंजूर करून घ्यायची होती.

मी भूशास्त्रात एम.एस्सी. करून नुकतीच बाहेर पडले होते. मंडणगड तालुक्यातली अकरा गावं माझ्याकडे होती. नांदखोल हे त्यांतलं सातवं. ग्रामपंचायतीचा शिपाई सखाराम मला वाट दाखवायला बरोबर असायचा. पन्नाशीचा, सडपातळ, आणि चढावरही बोलायचं न थांबणारा.

"हे तीन आंब्यांचं पाणी," एका ओल्या खळग्यापाशी थांबून तो म्हणाला.

"आंबे कुठे आहेत?"

"आंबे माझ्या आजानं बघितले. मी पाणी बघितलं. तुमच्या पोरांसाठी नाव शिल्लक हाय."

पुढे दगडी बांधलेली एक विहीर लागली. तिला वजीरची बाव म्हणतात. बाणकोटकडचा कुणी वजीर सुकी मासळी लादलेले बैल घेऊन या वाटेने घाटावर जायचा. बैलांना पाणी मिळेना म्हणून त्याने ती खणून घेतली.

"त्याचे पणतू कुवेतला असतात," सखाराम म्हणाला. "गेल्या साली एक जण गाडी घेऊन आला. विहिरीजवळ उभा राहून फोटो काढले. मी पाणी काढून दिलं तर पिईना. बाटली आणली होती त्यानं."

मी हसत हसत सगळं लिहून घेत होते. दुपारपर्यंत तेरा नावं झाली. मग आम्ही नदीत उतरलो. नदी एव्हाना वाहायची थांबली होती. काळ्या खडकाच्या दोन पायऱ्यांखाली एक लांबट डोह तेवढा भरलेला होता, हिरवा आणि थंड दिसणारा.

"याचं नाव?"

"खालचा डोह," सखाराम म्हणाला आणि पहिल्यांदाच गप्प झाला.

पण पलीकडच्या खडकावर लाल ऑइलपेंटने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ऋत्विक डोह. पाणी खोल आहे. उतरू नये.

"ते बाबूनं लिवलं," सखाराम म्हणाला. "धाडव्यांचा ऋत्विक, त्याचा दोस्त. दोघांची दहावीची परीक्षा झाली होती. रिझल्ट यायचा होता. त्या खडकावरून उडी मारली ऋत्विकनं. बाबू म्हणतो, सरळ खाली गेला, वर येताना दिसला, आणि मधीच खडकाखाली गेला. येत्या मे महिन्यात सहा वर्षं होतील."

मी दोरीला शिशाचं वजन बांधून खोली घेतली. पाच मीटर वीस. मग काठाकाठाने बांबू आत घालून पाहिला. ज्या खडकावरून पोरं उडी मारत, तोच खडक पाण्याखाली पोखरलेला होता. पावसाळ्यातलं पाणी गोट्यांसकट तिथे गरगर फिरतं आणि खडक आतून खातं. पोकळी जवळजवळ दोन मीटर आत जात होती. वरून काही कळत नव्हतं. वर येणारा माणूस जरा सरकला तर त्याच्या डोक्यावर पाण्याऐवजी छत येणार. मी हे सगळं आकड्यांत लिहिलं. काम चांगलं झालं असं मला तेव्हा वाटलं, ते इथे लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच घरोघर गेले. प्रश्न ठरलेला होता, खाली नदीत जो डोह आहे त्याला तुम्ही काय म्हणता? पहिल्या घरातल्या बाईने आधी दाराबाहेर पाहिलं, मग माझ्या हातातल्या कागदाकडे, आणि मोठ्याने सांगितलं, "ऋत्विकचा डोह." दुसऱ्या घरात सासऱ्यांनी तेच सांगितलं, ते अडुसष्ट वर्षांचे होते. तिसऱ्या घरात पोरांनी सांगितलं. पोरं नुसतं "ऋत्विक" म्हणत. चौथ्या घरी जायची गरज नव्हती, तरी मी गेले. तिथे दोन जावा धुण्याच्या बादल्या उचलत होत्या.

"आज वरच्या विहिरीवर जाऊ गो," धाकटी म्हणाली, "ऋत्विक काठाला आटत आला."

एका तासात चार घरं. यादीतली ती सगळ्यांत झटपट झालेली नोंद होती.

संध्याकाळच्या आधी शाळेच्या पडवीत मी कागद लावत बसले होते, तेव्हा एक बाई पायरीपाशी येऊन उभी राहिली. पंचेचाळिशीची असेल. हाताला फणसाचा चीक लागलेला, तो ती पदराला पुसत होती आणि तो निघत नव्हता.

"नावं विचारत फिरतेस ती तूच ना?"

"हो काकी. बसा ना."

"बसायला नाय आले. मी हौसा धाडवे. ऋत्विकची आवस."

मी उठून उभी राहिले.

"आज सकाळपासून चार घरांत माझ्या पोराचं नाव वाजलं," ती म्हणाली. "मागल्या परड्यात फणस कापत होते, सगळं ऐकू येतं. सहा वर्षं लोक माझ्यासमोर ते नाव घेत नव्हते. मला बघून गप्प बसायचे. मला ठावं होतं पाठीमागे बोलतात ते. पण पाठीमागेच बोलायचे. तू विचारलंस म्हणून आज मोठ्यानं बोलले. कागदावर लिवायचंय म्हटल्यावर भीड गेली त्यांची."

"काकी, मला माहीत नव्हतं."

"ऋत्विक आटत आला, म्हणाली ती." हौसाकाकीचा आवाज अजिबात चढला नव्हता. "पावसात म्हणतात ऋत्विक भरला. शिमग्याला मुंबईची पोरं येतात, ती बाहेर एकमेकांना विचारतात, ऋत्विकवर येतोस काय? मी चुलीपुढे असते. दर वेळी मान वळते माझी. कागदावर आलं की मग ते कायमचंच की गो. शाळेत शिकवतील. नको लिवू ते."

यादीत नाव घेण्यासाठी हिचीच सही लागणार होती. ती नाही म्हणत होती, म्हणजे तो प्रश्न मिटला होता. पण डोहाला काहीतरी नाव द्यावं लागणारच होतं, आणि 'खालचा डोह' या नावाचे त्याच नदीवर मला आधीच तीन डोह सापडले होते.

"मी जुनं नाव शोधते," मी म्हणाले. "ऋत्विकच्या आधी काहीतरी असणारच. ते मिळालं तर तेच लिहीन."

"शोध बाय," ती म्हणाली. मग पायरीवर क्षणभर टेकली आणि लगेच उठली. "वरच्या वाडीत गंगुबाई हाय. नव्वदीची. तिला ठावं असेल. मी सकाळी तिला भाकरी द्यायला जाते, तेव्हा नको येऊस. माझ्यासमोर नको विचारूस."

गंगुबाईचे दोन्ही मुलगे मुंबईला आणि नातू पनवेलला होते. तिने कुणाकडे जायला नकार दिला होता. रोजचा भाकरतुकडा हौसाकाकी देत असे, अंघोळीचं पाणीही तीच तापवून देई. मी दुपारी गेले तेव्हा आजी अंगणातल्या मांडवाखाली काजूच्या बिया सुपात घेऊन बसली होती. डोळे अधू झालेले, पण बोटं एकेक बी चाचपून किडकी बाजूला काढत होती.

मी आधी सोपे प्रश्न विचारले. झऱ्यांची नावं तिने भराभर सांगितली, दोन तर सखारामलाही माहीत नव्हती. मग मी डोहाचं विचारलं.

"खालचा डोह," ती म्हणाली.

"त्याच्या आधी काय म्हणत?"

बोटं थांबली.

"कोणी पाठवलं तुला? हौसानं?"

"नाही आजी. मी यादी करते आहे पाण्याच्या जागांची."

हातातली बी ती बोटांत फिरवत राहिली. मी उठायच्या बेतात होते तेव्हा म्हणाली, "भागीचा डोह."

भागी खालच्या वाडीतली सून होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. चादरी धुवायला गेली, एक चादर पाण्यात सुटली, ती धरायला उतरली. चादर खडकाखाली ओढली गेली आणि तिच्यामागे भागी. दोन दिवस सापडली नाही. तिसऱ्या दिवशी कुणीतरी लांब बांबूला आकडा बांधून खडकाखाली घातला. गंगुबाई तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती, काठावर उभी होती.

"मग सगळे भागीचा डोह म्हणायला लागले. लहान पोरांना कोणी तिकडं सोडीत नसे. भागी ओढते म्हणायचे. आम्ही घाबरायचो." तिने सूप खाली ठेवलं. "तिची सासू माझी मावशी. मावशीला ते सोसेना. लोक म्हणायचे, सासूनं कामाला जुंपली म्हणून गेली. डोहाचं नाव निघालं की तिला वाटायचं आपल्यालाच बोलतात. घरोघर हात जोडून फिरली ती. नाव घेऊ नका म्हणाली. मला तर देवापुढे शपथ घातली, लहान होते मी. लोकांनी ऐकलं. समोरच्याच्या जिवाला लागेल असं कशाला बोलायचं? खालचा डोह म्हणायला लागले. मावशी मेली, ते घर मुंबईला गेलं, जोतंसुद्धा राहिलं नाय. कोणाला आठवण राहिली नाय."

"पण तुम्हाला होती."

हे मी का म्हणाले ते मला आजही सांगता येत नाही. मला फक्त तपशील जुळवायचा होता.

"मला होती," गंगुबाई म्हणाली. "पोरं त्या खडकावरून उड्या मारतात हे पण मला ठावं होतं. इथून आवाज यायचा त्यांचा. मनात म्हणायचे मी, सांगावं कोणाला तरी. पण इतक्या वर्षांत ते नाव तोंडातून काढलं नव्हतं, ते निघेच ना. उद्या सांगू म्हणायचे." मग तिने माझ्या दिशेने हात केला, हवेत थोडा चुकला, मनगटाला लागला. "हौसाला सांगू नको गो. ती भाकरी देते मला."

मी काही कबूल केलं नाही. नाकारलंही नाही.

दोन दिवस मी शेजारच्या गावात काम केलं आणि मनात हिशेब मांडत राहिले. 'भागीचा डोह' हे नाव एकाच घरातून मिळालं होतं. नियमाने ते यादीत जात नव्हतं. 'ऋत्विकचा डोह' चार घरांतून मिळालं होतं, पण आईची सही नव्हती. दोन्ही बाजूला ठेवायची आणि 'खालचा डोह क्रमांक चार' लिहायचं, हा एक रस्ता होता. त्या रस्त्याने पुढे काय होतं ते मला गंगुबाईने सांगितलं होतं. बाबूची लाल अक्षरं अजून दोन-तीन पावसाळे टिकतील. ऋत्विकला ओळखणारी पोरं मुंबईला जातील. मग कुणीतरी पुन्हा त्या खडकावर चढेल.

मी हौसाकाकीला सांगायचं ठरवलं. गंगुबाईचं नाव घ्यायचं नाही असंही ठरवलं. हे दोन्ही एका वेळी जमेल असं मला खरंच वाटलं होतं.

ती परड्यात आमसुलं उन्हात घालत होती. मी तिच्याशेजारी बसून सगळं सांगितलं. खडकाखालची पोकळी, भागी, चादर, सासूने हात जोडणं, नाव बुजणं. ती ऐकताना हात चालवत राहिली. एकेक साल रसात बुडवून ताटात पसरायची. माझं संपलं तेव्हाही ती लगेच थांबली नाही.

"भागीच्या सासूचं किती वर्षं ऐकलं लोकांनी?"

"ती असेपर्यंत."

"आणि मग विसरले."

"हो."

"म्हणजे मी तेच करायला निघाले होते." तिने हात धुतले. बोटं जांभळी पडली होती. "कोणी सांगितलं तुला हे?"

मी ताटातली एक साल सरळ केली.

"इतकं जुनं ठावं असणारं गावात एकच माणूस हाय," हौसाकाकी म्हणाली. "तिला माझ्या पोराच्या आधी ठावं होतं?"

मी मान वर केली नाही, आणि तेवढं तिला पुरलं. तिच्या चेहऱ्यावर राग दिसेल असं मला वाटलं होतं. दिसला नाही. तिने उलट घाईने तोंड फिरवून ताटाकडे पाहिलं, कावळा आल्यासारखे हातवारे केले. कावळा नव्हता.

"मी सही करते," थोड्या वेळाने ती म्हणाली. "लिव ऋत्विकचं नाव. पण एक गोष्ट. त्याच्या खाली भागीचं नाव पण यायला पाहिजे, आणि ते गंगुबाईनं सांगायचं. तुझ्या कानात नाय. सभेत. चार माणसांत, तोंड उघडून."

"काकी, त्या नव्वदीच्या आहेत."

"मी आणीन तिला हाताला धरून. अंघोळ मीच घालते, सभेला पण मीच आणीन."

एक मेला मुंबईकर गावात होतेच. झेंडावंदन झालं आणि शाळेसमोरच्या मांडवात सभा बसली. शंभरेक माणसं असतील, निम्मी फोनमध्ये. हौसाकाकी गंगुबाईला घेऊन आली तेव्हा दोन-चार जणांनी उठून जागा दिली. "आजी, मतदानाला आलात काय?" कुणीतरी म्हणालं, आणि हशा झाला. आजीने धुतलेलं पातळ नेसलं होतं. काकीने तिला पुढच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः मागे बायकांत जाऊन बसली. दोघी एकमेकींशी काय बोलल्या होत्या, बोलल्या होत्या की नाही, मला माहीत नाही.

ग्रामसेवक यादी वाचू लागला. वजीरच्या बावीपाशी कुणी विचारलं, मोटार कधी बसवणार. तो म्हणाला तो विषय नंतर. चौदाव्या क्रमांकाला त्याने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली.

"ऋत्विकचा डोह," तो वाचून थांबला.

सगळ्यांनी मागे वळून हौसाकाकीकडे पाहिलं. ती समोर पाहत होती.

बाबू उभा राहिला. आता बावीस वर्षांचा, दाढी राखलेला, अंधेरीला कुठल्या तरी गोदामात कामाला. "हरकत नाय," तो म्हणाला. "लिवलंच पाहिजे." आणि खाली बसला.

"याला जुनं नाव आहे," मी म्हणाले. "ते गंगुबाई आजी सांगणार आहेत."

सगळे आजीकडे वळले. ती खुर्चीत दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. ओठ हलले. आवाज आला नाही. ग्रामसेवक वाकून म्हणाला, "मोठ्यानं, आजी." मागून कुणाचा फोन वाजला. पुन्हा ओठ हलले. मी हौसाकाकीकडे पाहिलं. ती उठून उभी राहिली होती.

"भागी," गंगुबाई म्हणाली. "भागीचा डोह. ती त्या खडकाखाली गेली होती. मी बघितलं. मला ठावं होतं."

शेवटचे तीन शब्द तिने यादीसाठी सांगितले नव्हते. पण ते जिला कळायला हवे होते तिच्याशिवाय कुणालाच कळले नाहीत. लोक जुनं नाव ऐकून माना हलवत होते. "बघा, आम्हाला ठावंच नव्हतं," एक म्हणाला. दुसऱ्याने विचारलं, "भागी कोणाची? कुठल्या घरातली?" ग्रामसेवकाने कंसात लिहून घेतलं, आणि हरकत नसेल तर हात वर करा म्हणाला.

पहिला हात हौसाकाकीचा होता. तो तिने सगळ्यांचे मोजून होईपर्यंत वर ठेवला. मग पुढे येऊन माझ्या कागदावर सही केली, शाळेत शिकलेली गोल अक्षरांची सही. पेन परत देताना म्हणाली, "मी उद्याच्या एसटीनं शमिकाकडे चाललेय. नालासोपाऱ्याला." शमिका तिची मुलगी. "कधी परत याल?" मी विचारलं.

"इथे राहून ते रोज ऐकणं मला जमायचं नाय. आणि गप्प बसा म्हणायचा हक्क मी आत्ता सोडला."

ती चपला घालून निघाली. नदीकडून तिच्या घराकडे जवळची वाट होती, ती तिने घेतली नाही. सड्यावरून जाणाऱ्या लांबच्या वाटेने, कातळावरच्या भर उन्हात, ती चढत गेली. मांडवात नळपाणी योजनेवरून भांडण सुरू झालं होतं.

सभा संपली, खुर्च्या एकात एक घालून उचलल्या जाऊ लागल्या, तेव्हा एकच खुर्ची राहिली. सखाराम तिच्यापाशी जाऊन घुटमळला आणि माझ्याकडे पाहू लागला. मी गेले.

गंगुबाईने माझा हात चाचपला, बोटांवरून अंगठ्यापर्यंत.

"हौसा नाय ही," ती म्हणाली. "हौसा कुठं हाय?"

"पुढे गेली, आजी."

"थांबली नाय?"

"नाही."

तिने मान हलवली. मग दोन्ही हात खुर्चीच्या कडांवर टेकून ती स्वतःच उठायचा प्रयत्न करू लागली.